एक कोटी एक

आमच्या बाबांनी आयुष्यात एकही आकडा उघडा सोडला नाही. आहेराचं पाकीट असो, पूजेची केळी असोत, नाहीतर कारखान्यातले नट, वर शकुनाचा एक हवाच. "वरचा एक टाकला की आकड्याला कुणाच्या बापानेही भाग जात नाही," असं ते डोंबिवलीत म्हणाले की कल्याणच्या खाडीतले बगळे दचकून उडायचे.

बारावीचा निकाल लागला. मला ठाण्याच्या कॉलेजात गणित घ्यायचं होतं. बाबांचं म्हणणं, डिप्लोमा कर आणि मानपाड्याला माझ्याच कारखान्यात चिकट. आई पोळ्या लाटत होती, काका जेवायला आलेले. प्रेक्षक मिळाल्यावर बाबा थांबतात होय!

"एक कोटी एक," ते गरजले. "ह्याला कशाने भाग जातो ते सांग. सांगितलंस तर जा ठाण्याला. शब्द दिला."

मी घास तोंडात ठेवूनच हसलो. एकावर सहा शून्यं, मग पुन्हा एक. एकाआड एक आकडे घेऊन दोन बेरजा करायच्या. इकडेही एक, तिकडेही एक. वजाबाकी शून्य.

"अकराने जातो. नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव वेळा."

बाबांनी लाइटबिलाच्या पाठीवर गुणून पाहिलं. बिल उलटं धरून पाहिलं. आकडा मेला कुठूनही वाचला तरी तोच! तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुकरने जणू माझ्याच वतीने शिट्टी मारली.

मग काकांनी भावाची अब्रू वाचवली. "दादा, शकुनाचा एक हिशेबात धरतात का कधी?"

"अरे हो!" बाबा उजळले. "तो बाजूला काढ. आता बोल."

"मग नुसता कोटी उरला. त्याला तर दहानेही भाग जातो."

"बघ! हे चौथीतलं पोरही सांगेल. त्यासाठी कॉलेज कशाला रे?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने त्यांना पाणी दिलं. मला कुणी काही दिलं नाही.

प्रवेशाची मुदत संपली. मी डिप्लोमा केला. आज मानपाड्याला व्हॉल्व्ह तपासतो, बाबांच्याच जुन्या खात्यात. दुपारच्या सुट्टीत त्या नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णवला भागत बसायचो. साडेनऊशेच्या पुढपर्यंत, म्हणजे त्याच्या वर्गमुळापर्यंत, एकेक मूळ संख्या लावून पाहिली, कशानेच भाग गेला नाही. खरा अखंड आकडा हा होता, बाबांच्या आकड्याच्या पोटात बसलेला.

परवा बाबांना सांगितलं. ते आता हळू बोलतात, बगळे जागचे हलत नाहीत.

"मग त्याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

ठाण्याला गेलो असतो तर कदाचित सांगता आलं असतं. मी म्हटलं, "काही नाही," आणि डबा घेऊन कामावर निघालो.