गोठ्याला वेगळे अर्थिंग

नोकरीची सारी वर्षे मी मुलांना वीज शिकवली, ती फळ्यावर. निवृत्तीनंतर देवळाली प्रवराजवळच्या सासरच्या वस्तीवर राहायला आले, तेव्हा हीच वीज गोठ्याच्या ओल्या जमिनीवर नव्याने शिकावी लागली.

गोठ्यात कडबाकुट्टीचे यंत्र बसवायचे होते. वायरमनने विचारले, "अर्थिंग घरचंच वायरीनं आणायचं, का इथं वेगळं काढायचं?" मला काही सुचवावेसे वाटले, पण समोर थोरले दीर बसले होते. आमच्याकडे धाकट्या सुना थोरल्या दिरांशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचे ते जाऊबाईंमार्फत. माझ्या भिडस्त स्वभावाला हा रिवाज सोयीचाच वाटत आला होता.

"वेगळं कशाला?" दीर म्हणाले. "ही सळई हाय की. लई वर्सं बल्ब जळतोय तिच्यावर."

ते खरे होते. फेजची एकच तार ओढायची आणि बल्बचे दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचे, ही आमच्याकडच्या वस्त्यांवरची जुनी युक्ती. यंत्रासाठी आता न्यूट्रलही, म्हणजे वीज परत नेणारी तारही, आली होती, पण बल्बची जोडणी कोणी हलवली नव्हती. वायरमनने यंत्राचा सांगाडा त्याच सळईला जोडला आणि गळती होताच वीज तोडणारा ट्रिप स्विच बसवला.

बल्ब लावताच स्विच पडला. वर केला, पुन्हा पडला.

"स्विचच खराब हाय. काढून टाक त्यो," दीर म्हणाले. वायरमनने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

सळईपासून जेमतेम हातभर अंतरावर जाऊबाई रोज अनवाणी धार काढायला बसत. शेजारी उभ्या असलेल्या त्यांना मी हळूच विचारले, "अक्का, इथं बसल्यावर कधी काही जाणवतं?"

"पायाला मुंग्या येत्यात. वय झालं गं आता. ही गाय बी सांजच्याला पान्हा चोरती. सकाळी गरीब, सांजच्याला नाटकी."

"सांजच्यालाच?"

"व्हय. बल्ब लावला की..." बोलता बोलता त्या थांबल्या आणि आपल्या पायांकडे पाहू लागल्या.

"स्विच काढू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. दिरांनी माझ्याकडे न पाहता जाऊबाईंना विचारले, "काय म्हणती ती?"

"ऐकू आलं की तुमाला! मी काय मधली तार हाय का?"

वायरमन हसला. मग मला बोलणे भागच पडले. बल्बकडे गेलेली वीज तारेने परतायला हवी; ती जमिनीतून, अक्कांच्या पायांखालून जाते आहे. स्विच त्याचमुळे पडतो. तो खराब नाही, तो खरे सांगतो आहे. घरचे अर्थिंग आणावे, तर घरातला एखादा दोष त्या वायरीने इथल्या यंत्रावर उतरायचा, आणि त्याला हात लावणारे माणूस मात्र इथल्या ओल्या मातीवर उभे असायचे. म्हणून ज्या मातीवर अक्का आणि गाय उभ्या राहतात, तिथेच वेगळे अर्थिंग करावे, आणि स्विच राहू द्यावा. हे सारे मी बहुतेक जमिनीकडे पाहूनच सांगितले.

दीर उठून सळईपाशी आले. मग त्यांनी स्वतः बल्बचे टोक सळईवरून सोडवायला सांगितले. ते टोक न्यूट्रलला जोडले गेले. गोठ्याच्या कडेला खड्डा खणून वायरमनने त्यात अर्थिंगची पट्टी ठेवली आणि भोवती कोळसा व मीठ घातले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "लोणचं घालतोस काय रं?" यंत्र आणि गव्हाणीचा लोखंडी पाइप, दोन्ही या नव्या अर्थिंगला जोडले. बल्ब लावला. स्विच जागचा हलला नाही.

संध्याकाळी जाऊबाई बादली घेऊन बसल्या. एरवी या वेळी ओसरीवर असणारे दीर गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"पायाला काय होतंय का?" त्यांनी विचारले.

"बसू तर द्या नीट." जाऊबाईंनी दोन्ही पावले ओल्या जमिनीवर टेकवली, थोडा वेळ वाट पाहिली. "न्हाई. कायबी न्हाई."

"आन् गाय?"

"बोलू नका. धार लागलीय."

ते तसेच दारात उभे राहिले.