अपग्रेड झालं की पुणे!

आमच्या ऑफिसचे किस्से आटपतच नाहीत हो! एक सांगून होईतो दुसरा घडलेला असतो. तिकडे तेलुगू मुलखात, कुकटपल्लीत पंप बनवणारी मोठी कंपनी, मी तिथला आयटीवाला. साहेबांनी शब्द दिलेला, "सगळ्या मशीनवर नवं सॉफ्टवेअर टाक. एकही जुनं राहिलं नाही, की झाली तुझी पुण्याला बदली!" बायको आणि मुलगी पुण्यात. मी कंबर कसली.

*

आधी मंजुरी. अर्ज ऑनलाइन. उघडायला गेलो तर म्हणे, "हा अर्ज फक्त नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल."

हेल्पडेस्कला फोन केला. तिथला पठ्ठ्या म्हणाला, "मग आधी अपग्रेडची मंजुरी घ्या ना!"

कपाळ माझं! शेवटी पुण्यातून मुलीने तिच्या नव्या सॉफ्टवेअरवाल्या लॅपटॉपवर तो अर्ज भरला.

*

अकाउंट्समधल्या खानसाहेबांच्या स्क्रीनवर रोज सकाळी एक चौकट येते, "चालू ठेवू का?" ती चौकट बनवणारा कधीचाच रिटायर झाला. खानसाहेब "हो" दाबतात, मग चहा घेतात.

"नाही दाबलं तर?" मी विचारलं.

"क्या मालूम मियाँ! मगर कंपनी चलरी ना?"

नव्या सॉफ्टवेअरमध्ये मी तश्शीच चौकट बनवून दिली. "हो" दाबलं की काहीच होत नाही. खानसाहेब खूश आहेत.

*

ट्रेनिंगला बिर्याणी होती, त्यामुळे अख्खं ऑफिस हजर! मंजुरी येईपर्यंत नव्या सॉफ्टवेअरच्याही पुढचं व्हर्जन आलं. साहेब वैतागून म्हणाले, "पुन्हा ट्रेनिंग!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

रडतखडत सगळी मशीनं झाली. उरलं एक, एचआरच्या लक्ष्मी गारूंचं, म्हणजे आपल्या भाषेत लक्ष्मीबाईंचं. दसऱ्याला ऑफिसातल्या सगळ्या मशीनांची पूजा होते, त्यात हे म्हातारं मशीन मानाचं. पहिला हार त्याला, नारळही त्याच्याच पुढे. मला वाटलं, बाई हात लावू देणार नाहीत. पण त्या हसत खुर्चीवरून उठल्या.

"टाका ना सर. फक्त बदलीची ऑर्डर ह्याच्यातनंच निघते. नव्यात ती सोय कोणी केलीच नाही."

"मग आधी माझी ऑर्डर काढा!"

"कशी काढू? एक जरी जुनं मशीन बाकी असलं तर काढायची नाही, असं साहेबांनी बजावलंय."

मी ते मशीन तसंच ठेवलं. खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

दसऱ्याला सगळे त्या मशीनभोवती जमले. साहेब म्हणाले, "चला, यंदा मानाचा नारळ कोण फोडतंय?"

मी पुढे झालो. नारळ बायकोने नवस बोलून पुण्याहून कुरिअरने पाठवला होता!