डल्सीच्या रायफलीची कडी

...तर मर्वने रायफल मांडीवर उलटी घेतली, दस्त्याखालच्या, पट्टा अडकवायच्या कडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डल्सी, ही कडी कुणी बसवली गं?"

डल्सीच्या हातातली किटली तशीच थांबली. मी आपला भोपळ्याच्या स्कोनला लोणी लावत होतो, तेही राहिलं.

मर्व ट्रेमेन म्हणजे आमच्या लिथगो गावातला बंदुकीच्या बारीकसारीक भागांचा जाणता. मी एका खोलीच्या शाळेतून उठलो तो थेट रायफलींच्या कारखान्यात, आणि तिथे मर्व माझ्या शेजारच्या बाकावर, तपासणीला. स्क्रू, कड्या, खटके हातात घ्यायचे आणि चांगले-वाईट वेगळे करायचे, हेच आमचं काम. मी निवृत्त झाल्यावर विसरलो. मर्व मात्र लग्नात नवरीची अंगठी हातात दिली, तरी ती उलटून बनवणाऱ्याचा छाप शोधणारा माणूस. खरंच शोधला होता त्याने, आणि पाद्री खोळंबला होता!

डल्सीची अडचण वेगळी होती. तिचा नवरा लेस त्या हिवाळ्यात वारला. लढाईच्या काळातली त्याची रायफल घरात राहिली आणि डल्सीकडे परवाना नाही. गावचा पोलीस सार्जंट भला माणूस. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत कुठेतरी रीतसर देऊन टाक, नाहीतर मला ती कापायला पाठवावी लागेल. डल्सीला ती कापलेली बघवली नसती. दर शनिवारी लेस ती खांद्याला लावून नेमबाजीच्या मैदानावर जायचा आणि ही डबा घेऊन मागून.

आमच्या रायफल क्लबात काचेचं कपाट आहे. त्यात एक जागा रिकामी होती, पण नियम असा की कारखान्यातून बाहेर पडली तशीच रायफल हवी, बदललेला एक स्क्रूही चालायचा नाही. आणि मर्व हो म्हणाला तरच हो.

"कुणी म्हणजे? आधीपासूनच आहे," डल्सी म्हणाली.

"तसं होय?" मर्वने कडी खाली पाडली. "हे बघ. लाकडावर चंद्रकोरीसारखा खळगा पडलाय ना? कडी लोंबकळून लोंबकळून पडलेला. आणि ही कडी पडते कुठे? त्याच्या बाहेर. हिने हा खळगा केलेलाच नाही. स्क्रूच्या खाचेत पण ताजी चमक आहे."

"छाप तर आपल्याच गावचा आहे," मी म्हणालो.

"तू गप बस, लोणी लाव. छाप सगळ्यात शेवटी बघायचा. आधी झीज बघायची."

डल्सी खुर्चीवर बसली. "नेव्हिल म्हणाला होता," ती हळूच म्हणाली. नेव्हिल म्हणजे आमच्या क्लबचा सेक्रेटरी. "म्हणाला, ऑरेंज गावचा छाप दिसला तर मर्व रायफलीसकट तुलाही हाकलून देईल. आधीच्या कडीवर ऑरेंजचाच होता. म्हणून लेसच्या सुट्या भागांच्या डब्यातून आपल्या गावची शोधली आणि मीच बसवली."

आता नेव्हिलने हे थट्टेत म्हटलं असणार. पण थट्टेला आधार होता. लढाईत आमच्या कारखान्याला काम झेपेना, तेव्हा बारीक भाग आसपासच्या गावांत करायला दिले आणि ते आगगाडीने यायला लागले. ऑरेंजचं खोकं उघडलं की मर्व ओरडायचा, "यांनी सफरचंदं पिकवावीत, लोखंडाला हात कशाला लावावा?" तो राग त्याने म्हातारपणापर्यंत पोसला. तेवढ्यामुळे निम्म्या गावाने आपापल्या रायफलींतून ऑरेंजचे भाग काढून टाकले आणि वर 'अस्सल लिथगो' म्हणून मिरवले. अस्सल कसली? त्या वर्षांतली रायफल तर अशी चार गावांची मिळूनच बाहेर पडायची!

"ती कडी कुठाय?" मर्वने विचारलं.

"खुराड्याला."

"कसल्या खुराड्याला?"

"कोंबड्यांच्या. दाराची कडी तुटली होती, ती लावली. फुकट कशाला घालवायची?"

मर्व ट्रेमेन गुडघे टेकून खुराड्यासमोर बसलेला मी पाहिला, हे मी मरेपर्यंत सांगणार. कडी सुटली तशा दोन कोंबड्या त्याच्या पाठीवरून पळाल्या. डल्सी त्यांच्यामागे धावत ओरडत होती, "मर्व, आधी दाराला तार बांधायची होती रे, शहाण्या!"

कडी धुतली, पुसली, दस्त्याला बसवली. मर्वने ती सोडली, तर ती खळग्यात अशी पडली की जणू कधी निघालीच नव्हती. डल्सीने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

शनिवारी आम्ही तिघं क्लबात गेलो. नेव्हिलने भिंग लावून कडी बघितली आणि त्याला हसू आवरेना. "अरे मर्व, जन्मभर ऑरेंजवाल्यांना शिव्या घातल्यास आणि आता त्यांची कडी आपल्या कपाटात? वर म्हणे कोंबड्यांनी तुडवलं तुला तिच्यासाठी! डल्सीची रायफल घेऊ ना मग? नक्की?"

डल्सीने माझा हात घट्ट धरला होता.

मर्व म्हणाला, "कडी ऑरेंजची आहे आणि वाईटच केलीय, कडसुद्धा नीट घासलेली नाही. पण लेसने जन्मभर पट्टा तिलाच अडकवला, आणि कारखान्यातून रायफल तिच्यासकटच बाहेर पडलीय. तू कपाटाची किल्ली काढ."