आमच्या बँडचा नवा गळा

आमचा गायक बँड सोडून गेला तेव्हा त्यानं फेसबुकवर लिहिलं, ‘संगीतविषयक मतभेदांमुळे’. मतभेद एवढाच होता, की त्याला बेंगळुरूत कंपनीची नोकरी लागली आणि आम्हाला लागली नाही. पाठोपाठ कोगनोळीचा ड्रमर गेला. तो लग्नाच्या बेंजो पार्टीत वाजवू लागला. तिथं निदान लोक नाचतात, म्हणाला. आमच्या गाण्यांवर नाचायला माणसाला तिसरा पाय लागतो. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्याला. गाणी लांबलचक, ताल मध्येच बदलणार, आणि ऐकणाऱ्याला पाणी प्यायला उठायचीही सोय नाही.

उरलो दोघं. गिटारवर मी, एरवी फौंड्रीतला सुपरवायझर. बेसवर माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरचे वडगावात माग आहेत आणि वरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस. खाली माग खडखडत असेपर्यंत आमच्याबद्दल कुणाची तक्रार नसे.

निपाणीचा एक गणिताचा मास्तर ड्रमवर मिळाला. गायक मिळेना. आलेल्यांपैकी एकानं अभंग म्हटला. छानच म्हटला, हीच अडचण. आम्हाला किंचाळणारा हवा होता.

मग खानापूरकडच्या खेड्यातली एक मुलगी आली. इथं एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. दिवसभर ‘बसा, डॉक्टर येतीलच’ म्हणणारा गोड आवाज. तिनं पर्स खाली ठेवली, घसा खाकरला आणि जो आवाज काढला, त्यानं खालचे माग थांबले. मित्राचे काका वर धावत आले.

“कुणाला लागलं काय रं?”

“न्हाय काका, गाणं चाललंय,” मित्र म्हणाला. काका तिच्याकडे बघत उलट्या पावली जिना उतरले.

नव्या चौघांचा अल्बम झाला. जुन्या गायकानं बेंगळुरूहून मेसेज केला : ‘प्रयत्न चांगला. पण पहिल्यासारखी खोली नाही.’ पहिली खोली आम्हालाही कधी सापडली नव्हती.

अल्बमचा कार्यक्रम रविवारी दुपारी एका मंगल कार्यालयात ठरला, त्या दिवशी मुहूर्त नव्हता म्हणून. व्यवस्थापकाला सीमाभागातली नेहमीची एकच काळजी.

“गाणी मराठी का कन्नड? आधीच सांगा. मागनं कटकट नको.”

“तुमीच ऐकून सांगा की,” आमची गायिका म्हणाली.

साउंड चेकभर तो खांबाला टेकून, कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “चालतंय. कळलं तर भांडण.”

गाणी मराठीच होती, तिच्या गावच्या बोलीतली, तिनं स्वतः लिहिलेली.

कार्यक्रमाला बरीच माणसं आली. निम्मी आमचे नातेवाईक, म्हणजे पळून जाणं अवघड असलेली. पहिल्या रांगेत तिचे वडील बसले होते, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. पोरगी गाणं म्हणते एवढंच त्यांना माहीत होतं. पहिल्याच गाण्यात मावश्यांनी पदर कानांवर घेतले. मी तालापेक्षा त्या टोपीकडेच जास्त बघत होतो. टोपी शेवटपर्यंत हलली नाही.

कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजजवळ आले. ती घामानं भिजलेली, वायर गुंडाळत होती. मान वर करेना.

“आप्पा, कसं वाटलं?”

“ल्हान हुतीस तवा मक्यात रानडुकरं शिरायची. मी राखणीच्या माळ्यावर झोपून जायचो, तू वरडून हाकलायचीस. असंच वरडायचीस.”

“व्हय.”

“तुजी आई म्हणायची, पोरीच्या जातीनं असं वरडू न्हाय. मी बी काय बोललो न्हाय तवा.” त्यांनी पिशवीतून मक्याची कणसं काढून तिच्या हातात दिली. “तू आयकलं न्हाईस, बरं केलंस बग.”

ती कणसं छातीशी धरून उभी राहिली. गावाकडची शेवटची बस चुकू नये म्हणून ते लगेच निघालेही.

माझ्या शेजारी मित्र डोळे पुसत होता. स्टेजवरच्या मशीनचा धूर डोळ्यांत गेला म्हणाला. धुराचं मशीन आम्हाला परवडलंच नव्हतं.