कॅरिअर मोकळंच असतंय!

जुन्या चेनी टांगायला दुकानात मी एक खिळा ठोकला होता. आता खिळे नऊ झालेत. किस्स्यांचंही तसंच झालंय, टाकून द्यायचं म्हटलं तरी हात धजत नाही. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं सायकलचं दुकान. हल्ली निम्म्या सायकलींना बॅटरीची मोटर बसवलेली असते, आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच: मोटरची चेन फ्रेमला घासते. आधी रंग जातो, मग लोखंडात खाच पडते, आणि मालक तरीही म्हणतो, "चालायलीय की!"

*

हार पोचवणारा दत्तू आला. चेन खरखर वाजत होती. म्हटलं, सायकल ठेवून जा, मोटर सरळ बसवून देतो. त्याला वेळ नव्हता. आठवड्यानं आला तो हँडलला भला मोठा स्पीकर लावून!

"मिस्त्री, आता आवाज येत न्हाय."

फ्रेमची नळी अर्धी कापली गेली होती. वर मलाच विचारतो, "स्पीकरचं व्हायब्रेशन लागलं असंल का?"

*

गायकवाड सर विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांनी सायकलची आकृतीच काढून आणली. कोन, बाण, सगळं.

"मिस्त्री, मोटर आणि मागचं दातेरी चक्र एका रेषेत पाहिजे."

बरोबर आहे. मी रोज तेच करतो, फक्त दोरा धरून. सरांना दोरा पटला नाही. घरी नेऊन स्वतःच सगळं खोललं आणि बसवलं. दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत आले. दातेरी चक्र उलटं बसवलेलं! मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आकृती बरोबर होती. सायकल चुकली."

*

अक्कलकोटकडचा बिराप्पा मेंढरं राखतो, सायकल घेऊन. त्यानं नळीला लोकरीचा दोर गुंडाळला होता. चेन दोर खाणार, नळी शाबूत. दर बाजाराला नवा दोर. मी मोटरखाली दोन वॉशर टाकले, दहा मिनिटांत घासणं बंद. वाटलं, खूश होईल. पुढच्या बाजारी आला तो तोंड पाडून.

"वॉशर बेडा! नको मला, काढ ते."

"का रे बाबा?"

"मेंढरांमागं दोर वळायची सवय हाय. हात थांबत न्हाईत. आता घरात दोराचा ढीग पडलाय. बायकू म्हनती, ह्येचं काय करू?"

काढले वॉशर. चांगलं काम करून शिव्या बऱ्याचदा खाल्ल्यात, केलेलं काम मोडून आशीर्वाद तेवढा एकदाच मिळाला.

*

नरसय्यामामा चादरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. गुडघा गेलेला, म्हणून सायकलला मोटर. त्यांच्या मुलाचं, शिनूचं, माझ्या शेजारीच मोबाईलचं दुकान आहे. रोज अकराला दुकान उघडून तो माझ्याकडं चहाला येतो. मामा मात्र नेमके तो नसताना यायचे.

मामांची मोटर कॅरिअरखाली एका पट्टीवर बसवलेली. चेन घासते म्हणून आले, मी सरळ करून दिली. स्टँडवर फिरवली, गप्प. स्वतः बसून चौकापर्यंत चालवली, गप्प. पाच दिवसांनी मामा परत, नळीवर ताजी चकचकीत खाच! असं चार वेळा झालं. माझ्या हातून गेलेली चेन परत घासत नाही, असा माझा तोरा होता. तो पार उतरला. गायकवाड सर तर नवनव्या आकृत्या आणायला लागले.

"मामा, कॅरिअरवर काय बांधता?"

"काय न्हाय. कॅरिअर मोकळंच असतंय!"

"मग ही चादर घडी घालून का बांधलीय?"

"सकाळी थंडी असती की."

"कॅरिअरला?"

मामा पंख्याकडं बघायला लागले.

चौथ्या वेळी मी नखानं खाच चाचपली. नळी अगदी पातळ उरली होती. म्हटलं, "खरं सांगा मामा. ही रस्त्यात तुटली तर वरचा माणूस ट्रकखाली जाईल."

मामांचा चेहराच पडला. हळूच म्हणाले, "मागं अम्मा असती."

अम्मा म्हणजे मामांची बायको. शुगरसाठी डॉक्टरांनी तिला रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितलेलं. शिनूनं हौसेनं पांढरे बूट आणून दिले. अम्मा बूट घालून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालायची. तिथं मामा सायकल घेऊन हजर! मग दोघं कंबर तलावापर्यंत, तिथं इडली, आणि परत कोपरा. अम्मा बसली की पट्टी वाकायची आणि चेन ढिली पडून घासायची.

"चाळीस वर्षं मी मागावर, ती विड्या वळायला," मामा म्हणाले. "दोघं मिळून कुटं गेलोच न्हाय. शिनूला कळलं तर बंद करंल बगा."

मला गलबलून आलं, खोटं कशाला सांगू! नळीवर लोखंडी तुकडा वेल्ड केला, पट्टीला खालून जाड टेकू दिला. पण चेन नीट लावायची तर वर वजन पाहिजे. म्हटलं, अम्मांनाच घेऊन या. शिनू अकराला येतो, तुम्ही दहाला या.

दुसऱ्या दिवशी दहाला सायकल डबल स्टँडवर. मामांनी हँडल धरलेलं, अम्मा कॅरिअरवर, बूट अधांतरी, मागचं चाक हवेत फिरतंय, आणि मी खाली आडवा पडून चेनीकडं बघतोय. दारात शिनू!

कोणीच हललं नाही. मोटर तेवढी चालू.

अम्मा म्हणाली, "जिम हाय ह्ये. मिस्त्रीनं नवीन काढलंय."

शिनूनं अम्माच्या बुटांकडं बघितलं. तीन महिन्यांचे बूट, तळवे कोरे. मग तो माझ्याकडं वळला.

"मिस्त्री, साडी-गार्ड पण बसवा. परवा तलावापाशी पदर चेनीत जाताजाता राहिला."