सुनंदाला न वाचून दाखवलेलं स्तोत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना नाही, मुलीला नाही. प्रार्थनेला गुडघे टेकतो तेव्हासुद्धा मी याच्या कडेकडेनेच जात आलोय – देवाला ठाऊकच आहे, मग पुन्हा कशाला सांगायचं, अशी स्वतःची समजूत घालत. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ बोलणं जमेल असं वाटतंय. बघू.

आधी घराबद्दल सांगतो. आम्ही शहाडला राहतो – म्हणजे आता मी एकटाच. मुलगी अनू लग्न होऊन नाशिकला गेली. मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग नकाशातल्या मापाबरहुकूम आहे की नाही ते पाहायचं आणि मगच शिक्का मारायचा. केसाएवढा फरक असला तरी मी माल परत पाठवतो. त्यामुळे खालची पोरं मागून मला ‘फादर’ म्हणतात. ‘तो पीस फादरकडे नेऊ नको रे, कबुली द्यावी लागेल,’ असं एकदा माझ्या कानावरही आलं. आमच्या पंथात फादर नसतात, पाळक असतात – पण हे त्यांना कोण सांगणार? मी हसलो होतो तेव्हा.

आमचं मूळ घर नगर जिल्ह्यातलं. वडील गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रवाचन – बायबलचं – करायचे आणि घरी रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थना घ्यायचे. त्यांच्यामागे ती प्रथा माझ्याकडे आली. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग प्रत्येकाने आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची. वडिलांचा आणखी एक नियम होता. आजाऱ्याच्या उशाशी फक्त अभिवचनं वाचायची – देव सांभाळतो, देव सोडत नाही, तेवढंच. विलापाचं, कोपाचं, मरणाचं वाचायचं नाही. गावात कुणी अंथरुणाला खिळलं की वडील तिथे जायचे, मीही जायचो मागोमाग, आणि पानं कशी पटकन उलटायची ते मी तिथे शिकलो.

सुनंदा, माझी बायको, डोंबिवलीची. माहेर हिंदू, मूळचं कोकणातलं. लग्नानंतर काही वर्षांनी, अनूच्या जन्मानंतर, तिने स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मी तिला एका शब्दानेही म्हटलं नव्हतं. ती घरी ब्लाउज शिवायची. मी वाचायचो आणि ती हातातल्या कापडाला हुक लावत ऐकायची. स्वतः शास्त्र उघडून बसायची तिला सवय नव्हती. ‘मला ऐकलेलंच डोक्यात राहतं,’ म्हणायची. तेव्हा हे लक्षात घ्या – तिला जे शास्त्र माहीत होतं, ते बहुतेक माझ्या तोंडून गेलेलं.

मग साखरेने तिची किडनी घेतली, आणि पाठोपाठ डोळे. आधी सुईचं नाकं दिसेना, मग वर्तमानपत्राचे मथळे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला कल्याणला जायचं. जाताना ती रिक्षात बोलायची. येताना डोकं माझ्या खांद्यावर टाकून गप्प. पूल आला की हवेवरून तिला कळायचं. ‘नदी आली ना?’ विचारायची.

तिचा भाऊ टिटवाळ्याहून भेटायला यायचा. चांगला माणूस, पण जिभेला हाड नाही. ‘देव बदललास तायडे, पण साखर काही उतरली नाही,’ म्हणाला एकदा.

‘तुझा देव तरी कुठे उतरवतोय?’ ती म्हणाली. ‘तुझी माझ्याहून जास्त आहे. आणि ती जिलबी खाली ठेव.’

दोघं हसत सुटले. मला हसू आलं नाही. मला ते टोचलं, आणि टोचलेलंच राहिलं. या घरात, या माणसासमोर, विश्वास डळमळलेला दिसता कामा नये – असं काहीतरी मी त्या दिवशी मनाशी धरलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगतोय.

रोजचं वाचन चालूच होतं. मी तिच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसायचो आणि वडिलांच्या नियमाप्रमाणे वाचायचो. पण शास्त्रातली स्तोत्रं तशी सरळ नसतात. माणूस एका ओळीत देवाची स्तुती करतो आणि पुढच्याच ओळीत विचारतो, कुठे आहेस तू? मग मी काय करायचो – स्तुतीची ओळ वाचायचो, मधलं रडणं गाळायचो आणि शेवटच्या स्तुतीला जोडायचो. आवाज न बदलता. मला वाटायचं, जोड दिसत नाही.

ती शिवणारी बाई होती. जोड तिला कळायचा.

‘मधलं काही राहिलं का हो?’ तिने एकदा विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एवढंच आहे.’

ज्या माणसाने कारखान्यात आयुष्यात खोटा शिक्का मारला नाही, त्याने मांडीवर पवित्र शास्त्र उघडं ठेवून हे उत्तर दिलं. पण ही ती गोष्ट नाही. ती अजून पुढेच आहे. मी लांबण लावतोय, कळतंय मला.

अनूने फोन करून सुचवलं होतं, ‘बाबा, फोनवर अख्खं शास्त्र वाचून दाखवतात आता. आईला लावून देते. तुम्ही कामावर असता तेव्हा ऐकेल.’ मी म्हणालो, ‘अगं, तिला माझाच आवाज लागतो.’ ते खरंही होतं. पण फोन काही गाळत नाही – हेही माझ्या मनात आलं होतं त्या क्षणी. आलं होतं.

त्या दिवशी डायलिसिस अर्धवट थांबवावं लागलं होतं. तिचा रक्तदाब एकदम खाली गेला, पायांत गोळे आले, ती ओरडली. घरी आणल्यावर चहा घेतला, जरा पडली. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली. तिने हात वर करून मला थांबवलं.

‘एक विचारू का? शास्त्रात कुणी असं म्हटलंय का हो, की देवा, मी रोज तुला हाक मारते आणि तू ऐकतच नाहीस? आणि मग शेवटी काही चांगलं झालंच नाही, असं?’

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, ‘वधस्तंभावर प्रभू म्हणाला, देवा, तू मला का सोडलंस, ते माहीत आहे मला. पण तो प्रभू. तिसऱ्या दिवशी उठला. मी साध्या माणसाचं विचारतेय. माझ्यासारख्या.’

तुम्ही शास्त्र वाचत असाल तर तुम्हाला उत्तर माहीत असेल. मलाही होतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. रात्रंदिवस हाका मारून थकलेला माणूस. जवळची माणसं दुरावलेली, देवाने तोंड फिरवलेलं, आणि शेवटी सोबतीला काळोख. तिथेच ते संपतं. पुढे दिलासा नाही, स्तुती नाही. आणि तरी कुणीतरी ते शास्त्रात ठेवलं – म्हणजे असं बोलणाऱ्यालाही देवाच्या दारात जागा आहे, म्हणूनच ना? एक पान. मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, ‘नाही. विश्वासणारा माणूस असं बोलत नाही, सुनंदा.’

हे ते. हेच सांगायचं होतं.

‘मला वाटलंच,’ ती म्हणाली आणि तिने कूस बदलली.

त्यानंतर घरात काय झालं ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. आधी ती प्रार्थना करायची तेव्हा अख्खी इमारत त्यात यायची – वरच्या आजींचे गुडघे, डायलिसिसच्या शेजारच्या खाटेवरचा रिक्षावाला, अनूच्या सासूचा रागीट स्वभाव. मला कधीकधी हसू यायचं. त्यानंतर ती नुसतं ‘आमेन’ म्हणायला लागली. पुढे तेही नाही. मी डोळे मिटून माझी प्रार्थना लांबवायचो, म्हणजे तिचं गप्प राहणं कमी ऐकू यावं.

महिन्यातून एकदा उपासनेनंतर पाळकसाहेब प्रभुभोजन – भाकर आणि द्राक्षारस – घेऊन घरी यायचे. आजाऱ्यांसाठी ते असं करतात. त्या संध्याकाळनंतर ते पहिल्यांदा आले आणि त्यांनी भाकर पुढे केली तेव्हा सुनंदाने हात मागे घेतला.

‘आज नको,’ म्हणाली.

पुढल्या महिन्यातही तेच. पाळकसाहेबांनी खुर्ची जवळ ओढून विचारलं, ‘ताई, मनात काही आहे का?’

‘मनात फार आहे पाळकसाहेब. म्हणूनच नको. मी घेण्यासारखी राहिले नाही.’

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, हातात पाण्याचा पेला. पाळकसाहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की हिला मी चुकीचं सांगितलंय, तुम्ही ते स्तोत्र हिला वाचून दाखवा. तिचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. पण मग पाळकसाहेबांना कळलं असतं. तिला कळलं असतं, की वर्षानुवर्षं मी वाचतो ते अख्खं नसतं. मी म्हणालो, ‘औषधांनी मळमळतं तिला. तोंडात काही धरवत नाही.’

पाळकसाहेबांनी मान हलवली. सुनंदाचा चेहरा माझ्या दिशेने वळला. तिला माझं तोंड दिसत नव्हतं, निदान मला तसं वाटतं.

का केलं मी? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो – दयेपोटी. वडिलांचा नियम पाळला. आजारी बाईला काळोखात कशाला ढकलायचं? पण ती काळोखातच होती. मी फक्त तिला सांगितलं की तिथे तू एकटीच आहेस. मग स्वतःला दुसरं सांगितलं – तिच्या भावाचे शब्द, आमच्या घराची लाज. तेही पुरतं खरं नाही. खरं असं, की त्या दिवसांत मलाही देव ऐकतोय असं वाटत नव्हतं. ते स्तोत्र मी मोठ्याने वाचलं असतं तर ते माझ्या आवाजात निघालं असतं, आणि ते वाचणं नसतं राहिलं, माझंच गाऱ्हाणं झालं असतं. मी घाबरलो. माझा विश्वास मोडल्याचं दिसू नये म्हणून मी तिचा मोडू दिला.

ती गेली तेव्हा सकाळ होती. इस्पितळात. मी तिचा हात धरून अभिवचनं म्हणत होतो – पाठ होती मला. तिला ऐकू येत होतं की नाही, माहीत नाही. त्या महिन्यातही तिने प्रभुभोजन घेतलं नव्हतं.

स्मरणार्थ उपासनेत मला तिच्या विश्वासाबद्दल साक्ष द्यायला, चार शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. समोर अनू होती, टिटवाळ्याचा मेव्हणा मागच्या बाकावर. मी म्हणालो, तिचा विश्वास शेवटपर्यंत अढळ होता, आणि वचनानेच तिला बळ दिलं. लोक रडले. मेव्हण्याने येऊन मला मिठी मारली आणि म्हणाला, ‘दाजी, तुम्ही होतात म्हणून तिने सोसलं.’ आमच्या मंडळीत आता कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की माझं उदाहरण देतात. आंधळ्या बायकोला रोज शास्त्र वाचून दाखवणारा माणूस. मी मान खाली घालतो. त्याला लोक नम्रपणा समजतात.

ती गेल्यावर मी बरेच दिवस शास्त्र उघडलंच नाही. एका रविवारी उपासनेला न जाता घरी बसलो होतो. बाहेर कपडे वाळत होते, ते काढायचेही राहिले होते. मी ते स्तोत्र काढलं आणि तिच्या रिकाम्या पलंगाशी बसून मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, काही न गाळता. आणि मला – कसं सांगू – मला कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या आधी, फार आधी, कुणीतरी एवढ्याच काळोखात बसून देवाशीच बोलत होता. दुसऱ्या कुणाशी नाही, देवाशीच. म्हणजे तोही विश्वासच होता. त्या दिवसापासून मी पुन्हा प्रार्थना करतो. रविवारी जातो. माझा विश्वास आज आहे तो त्या एका पानावर उभा आहे, आणि पूर्वीपेक्षा घट्ट आहे. हे मी खरं सांगतोय.

तिला तेच हवं होतं. तिने नेमकं तेच मागितलं होतं, आणि ते घरात होतं. मी ‘नाही’ म्हणालो, आणि ती स्वतःला देवापासून तुटलेली समजून गेली.