सासूबाई चुकीचं खेळतात

कवळीवाल्यांना सगळे कवळीवालेच म्हणत. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि हे तळमजल्यावरच्या खोलीत बसून त्यांवर मेण चढवायचे, दात बसवायचे, घासून चकाकी आणायचे. या कामात चूक लपत नाही. एखादा दात केसभर उंच बसला की कवळी परत येते, आणि तिच्या आधी डॉक्टरांचा फोन येतो. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांची एक समजूत पक्की झाली होती: नीट केलं की नीट होतं, आणि माती केली की मातीच खावी लागते.

ही समजूत पोकरने बिघडवली.

खेळ शिकवला साडूने. दुसऱ्याच्या फोनात काहीतरी घालून दिल्याशिवाय या माणसाला कुणाच्या घरून निघताच येत नसे. "पैशांचं काही नाही हो, फुकटच्या चिप्स असतात, नुसत्या खेळातल्या चकत्या. तुमचं डोकं चालतं, मजा येईल," तो म्हणाला, आणि आपल्या ओळखीतल्या लोकांच्या टेबलावर त्याने यांना बसवून टाकलं. प्रत्येकाला दोन झाकली पानं, मधे पाच उघडी, ज्याची जुळणी भारी त्याचा डाव. कवळीवाल्यांनी ते मनावर घेतलं. कुठल्या पानांवर बसायचं, कुठली टाकायची, सगळं घोकलं. दुपारी जेवण झालं की हात धुऊन ते फोन घेऊन बसत आणि अगदी नियमाने खेळत.

आणि हरत. विशेषतः 'निवांत' नावाच्या एका खेळाडूकडून.

एका दुपारी त्यांच्या हातात दोन एक्के आले. याहून चांगली सुरुवात या खेळात नाही. त्यांनी सगळ्या चिप्स लावल्या. बाकीच्यांनी पानं टाकली, निवांतने मात्र सगळं लावलं. पानं उघडली तर निवांतकडे सत्ती आणि दुर्री! असली पानं माणूस चिमट्यात धरून फेकून देतो. मधे राजा पडला, सत्ती पडली, नव्वी, चौकी, आणि शेवटी, अगदी शेवटी, दुर्री. निवांतच्या दोन जोड्या झाल्या, आणि एक्के बसले बघत.

कवळीवाल्यांनी टेबलावरच्या गप्पांच्या चौकटीत लिहिलं, "अक्कल गहाण टाकून खेळता का?"

थोड्या वेळाने उत्तर आलं. "जावईबापू, जेवलात का?"

निवांत म्हणजे सासूबाई! साडूने त्यांनाही त्याच टेबलावर बसवलं होतं आणि सांगायला विसरला होता.

संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "अहो, आईला कोण शिकवणार? बाबा गेल्यावर तेवढीच करमणूक आहे तिला."

"करमणूक ठीक आहे गं. पण त्या जिंकतात कशा? चुकीचं खेळून?"

"गेल्या आठवड्यात तुम्ही नाही का जिंकलात असेच, शेवटच्या पानावर?"

"तो माझा अंदाज होता."

"बरं," बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. त्या 'बरं'वर कवळीवाले बराच वेळ अडून राहिले.

सासूबाई कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होत्या. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि सुटलेला एक धागासुद्धा त्यांच्या नजरेतून निसटत नसे. अशी बाई पत्त्यांत इतकी बेफिकीर कशी? कवळीवाल्यांनी फोनवर त्यांना विचारलंही. "आई, तुम्ही ती पानं टाकत का नाही?"

"टाकून काय करू? मग नुसतं बघतच बसायचं ना."

हे शहाणपण की शुद्ध आळस?

मग खेळ विचित्र होऊ लागला. एकदा सासूबाईंनी सगळं लावलं, हरल्या, आणि लिहिलं, "असं कसं? माझे पाच बदाम होते!" बदाम तीनच होते, तेही टेबलावरचे, त्यांच्या हातात दोन्ही चौकट. कवळीवाल्यांना वाटलं, चेष्टा करतात. दुसऱ्या दिवशी छक्की-अठ्ठीवर त्या "अठ्ठ्यांची जोडी" म्हणून अडून बसल्या. ढीगभर चिप्स कवळीवाल्यांकडे आल्या. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, चुकीच्या खेळाला चुकीचं फळ मिळालं होतं, आणि त्यांना काडीचा आनंद होईना. काहीतरी खुपत होतं, काय ते कळत नव्हतं.

रविवारी सकाळी ते काही न कळवता सासूबाईंकडे गेले. त्या खिडकीशी बसून खेळत होत्या. फोन एका बाजूला धरलेला आणि तोंड भलतीकडे, भिंतीकडे.

"आई, तिकडे काय बघताय?"

"पान बघतेय. सरळ बघितलं की ते नाहीसंच होतं मेलं. फोन बिघडलाय. मधे डाग पडलाय, किती पुसला तरी जात नाही."

कवळीवाल्यांनी फोन घेतला. काच स्वच्छ होती. त्यांनी आपला फोन पुढे केला. "यात बघा."

सासूबाई बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "यातही आहे." आणि फोन परत देत, "दाराची चौकट वाकडी दिसते ते मी घराच्या जुनेपणावर ढकललं होतं. लेकीला एवढ्यात सांगू नका."

लेकीला सांगितलंच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पाणी साठतंय. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. "उजवा बहुतेक सावरेल. आणखी उशीर केला असता तर तोही गेला असता. डाव्याचं मात्र अवघड आहे. टोचून उपयोग होईल असं वाटत नाही. तुम्ही ठरवा."

साडू छाती काढून म्हणाला, "बघा, मी खेळ घालून दिला म्हणून कळलं!" तेही खोटं नव्हतं. त्या नीट खेळल्या असत्या तर कुणालाच कळलं नसतं, आणि कवळीवाले हरून चिडले नसते तर त्यांनी एवढं लक्षही ठेवलं नसतं. मग हे दैव म्हणायचं की आणखी काही?

दवाखान्यातून परत येताना कवळीवाल्यांनी विचारलं, "आई, खरं सांगा. ती सत्ती-दुर्री तुम्हाला दिसली होती का?"

"काही डाव दिसायचे, काही नाही. कुठले दिसले ते आता कसं सांगू?"

"आणि डाव्या डोळ्याचं काय करायचं? माझं ऐकाल तर सोडून द्या. त्रास नक्की आहे, फायद्याची आशा जवळजवळ नाही."

"टोचून घेणार," सासूबाई म्हणाल्या.

टोचून घेतलं. दर वेळी कवळीवालेच सोबत गेले. डोळा लाल व्हायचा, दोन दिवस दुखायचा, आणि सासूबाई कुणावर तरी खेकसायच्या, बहुधा साडूवर. उजवा डोळा खरंच सावरला. त्या बसवरच्या पाट्या वाचू लागल्या, सुईत दोरा ओवू लागल्या. डाव्यात काहीच फरक पडला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, आता थांबू या.

बाहेरच्या बाकावर कवळीवाल्यांनी चाचरत विचारलं, "मग... पश्चात्ताप होतो का?"

"कशाचा?"

"डाव्यासाठी एवढं सोसलंत, आणि उपयोग झाला नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट, सरळ पाहिलं. "तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं की. मी कुठे नाही म्हणतेय?"

त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. तरी सासूबाई चुकल्या असं काही त्यांच्या तोंडून निघेना. त्या उठून जिन्याकडे चालू लागल्या होत्या. कवळीवाल्यांनी औषधाची पिशवी उचलली आणि त्यांच्या डाव्या बाजूने चालायला लागले.